भाड्याच्या कॉन्सन्ट्रेटरसह ठाणे ते बेंगळुरू

माझ्या आईला फुप्फुसांचा फायब्रोसिस आहे, म्हणजे तिची फुप्फुसे कडक होत चालली आहेत. ती ७४ वर्षांची असून ठाण्यात नौपाड्यातील आमच्या जुन्या घरात माझ्याजवळ राहते. बसल्या जागी तिच्या रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालून ती आत आली की तो ८६-८७ वर उतरलेला असतो, आणि रात्री ती पाच लिटर क्षमतेच्या घरगुती कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या यंत्रावर) दोन लिटरचा प्रवाह लावून झोपते. गेल्या वैशाखात माझ्या भाच्याची मुंज बेंगळुरूला ठरली, तेव्हा आईने फोनवर दादाला एवढेच सांगितले, "मी येणार आहे. कसं यायचं ते तुम्ही दोघं ठरवा." विमान कंपनीची परवानगी मिळवणे हेच यातले सर्वांत अवघड काम असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात परवानगी दोन दिवसांत मिळाली आणि विमानासाठी योग्य यंत्र मिळायला दोन आठवडे लागले.

रेल्वेचा विचार आम्ही आधी केला होता. तिला गाडीत झोपून जाता आले असते, पण बेंगळुरूपर्यंत जवळपास एक दिवस आणि त्यातली एक पूर्ण रात्र डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबून काढण्याची माझी तयारी नव्हती. मोटारीने सुमारे हजार किलोमीटर जाणे तर तिच्या पाठीलाच झेपले नसते. पावणेदोन ते दोन तासांचे विमान हाच एक मार्ग उरला आणि मी तिच्या छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मॅडमनी आधी तिला दवाखान्याच्या बोळातून सहा मिनिटे चालायला लावले. चौथ्या मिनिटाला आकडा ८४ झाला आणि आई भिंतीला हात टेकून उभी राहिली. त्यानंतर त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. विमान ३०-३५ हजार फुटांवरून जात असले तरी आतल्या हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. मात्र तो जमिनीवरच्याइतका नसतो, तर जास्तीत जास्त ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवर जेवढा असतो, तेवढ्यापर्यंत उतरू शकतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, त्याच्याही वर बरेच अंतर चढून बसल्यासारखे हे झाले. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, पण दाब कमी असल्यामुळे शरीराला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतकाच असतो. निरोगी माणसाचा आकडाही तिथे काही अंकांनी खाली येतो आणि त्याला ते कळतही नाही. आईला ते कळेल आणि सोसणार नाही, म्हणून जमिनीवर बसल्या जागी तिला ऑक्सिजन लागत नसला तरी विमानात तो पूर्ण वेळ लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

स्वतःचे ऑक्सिजनचे सिलिंडर विमानात सहसा नेता येत नाही. तो दाबाखाली भरलेला वायू असतो आणि विमान कंपन्या त्याला धोकादायक माल मानतात. पोर्टेबल, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या लहान कॉन्सन्ट्रेटरमध्ये मात्र ऑक्सिजन साठवलेला नसतोच. ते आजूबाजूची हवा आत ओढते, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक दाण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून ती दाबाने ढकलते, ते दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरतो तो ९० टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन नळीवाटे नाकापर्यंत येतो. दाब सोडला की दाण्यांनी धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो आणि नळकांडे पुन्हा वापरायला मोकळे होते. अशी दोन नळकांडी आळीपाळीने काम करतात. या यंत्राला विमानात परवानगी का मिळते, हे मला या माहितीनंतरच नीट समजले.

असे यंत्र विकत घ्यायचे तर दोन लाखांच्या पुढे खर्च होता आणि रोजच्या वापरासाठी तिला त्याची गरज नव्हती. म्हणून मी भाड्याने देणाऱ्यांची चौकशी सुरू केली. पहिला पुरवठादार फोनवर अतिशय आत्मविश्वासाने बोलला. "मॅडम, तुमच्या आई घरी दोन लिटरवर आहेत ना? मग हे मशीन दोनवर ठेवा, काम झालं." मी त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी यंत्र घरी आले, त्याच संध्याकाळी मी त्याचे नाव आणि मॉडेल विमान कंपनीच्या अर्जासाठी टिपून घेतले आणि डॉक्टरांकडून अर्ज भरूनही आणला. ही माझी चूक झाली, आणि ती का झाली हे जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण अशी यंत्रे भाड्याने घेणारी बहुतेक कुटुंबे याच ठिकाणी फसत असतील असे मला वाटते.

घरच्या मोठ्या कॉन्सन्ट्रेटरवर 'दोन' हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सतत वाहत राहणे. माणूस श्वास घेत असो की सोडत असो, प्रवाह चालूच असतो. खांद्याला अडकवायच्या लहान यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे सतत प्रवाह देत नाहीत. माणसाने नाकाने श्वास आत घेतला की त्या ओढीची जाणीव यंत्राला होते आणि ते त्या क्षणी ऑक्सिजनची एक छोटी फुंकर सोडते. याला पल्स पद्धत म्हणतात. या पद्धतीतले 'दोन' म्हणजे दोन लिटर नव्हेत. तो केवळ यंत्राच्या बटणाचा दुसरा टप्पा असतो. आम्ही शेवटी ज्या यंत्रावर आलो त्या इनोजेन वन जी-५ मध्ये दुसऱ्या टप्प्यावर मिनिटाला एकूण ४२० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो, आणि सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या टप्प्यावर १,२६० मिलिलिटर. श्वास आत घेण्याच्या सुरुवातीलाच फुंकर मिळत असल्यामुळे त्यातले वाया फार थोडे जाते, त्यामुळे या आकड्यांची तुलना दोन लिटरच्या सतत प्रवाहाशी सरळ भागाकार करून करता येत नाही. पण दोन्ही एकच आहेत असे मानता येत नाही, एवढे तर नक्कीच.

त्यात फायब्रोसिसच्या रुग्णाचा श्वास उथळ आणि जलद असतो. वर सांगितलेल्या यंत्रात मिनिटाला मिळणारे एकूण प्रमाण ठरलेले असल्यामुळे श्वासांची संख्या वाढली की प्रत्येक श्वासाच्या वाट्याला येणारी फुंकर लहान होत जाते. म्हणजे धाप लागली असताना, ज्या वेळी गरज अधिक असते, नेमक्या त्याच वेळी प्रत्येक श्वासाला कमी मिळते. हे मला कोणी सांगितले नव्हते.

पहिले यंत्र घरी आले त्या रात्री मी आईला ते दोनवर लावून दिले आणि दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात फेऱ्या मारायला सांगितल्या. दहाव्या फेरीला ऑक्सिमीटरवर ८५ दिसले. मी यंत्र तीनवर नेले, तरी ८६ च्या वर आकडा गेला नाही. आई म्हणाली, "अगं, मशीन लावल्यासारखं वाटतच नाही. नुसती नळी नाकात टोचतेय." मी यंत्राजवळ कान नेला. तिच्या प्रत्येक श्वासाला ते फुंकर देत नव्हते. तीन श्वासांत एखादा ते गाळत होते. दुसऱ्या दिवशी बॅटरी पूर्ण भरून घड्याळ लावले. पुरवठादाराने "चार तास आरामात" असे सांगितलेली बॅटरी १ तास ५० मिनिटांत संपली. मी फोन केला तेव्हा त्याने आजींना मोठ्या श्वासाची सवय करावी लागेल असे सांगितले, आणि बॅटरीविषयी तो काहीच बोलला नाही. फायब्रोसिस झालेल्या माणसाला मोठा श्वास घेण्याची सवय करायला सांगणे हे ऐकून मला फार वाईट वाटले. यंत्र मी परत केले. तीन दिवसांचे भाडे गेले आणि डॉक्टरांकडून भरून आणलेला अर्जही वाया गेला, कारण त्यावर त्याच यंत्राचे मॉडेल लिहिलेले होते.

दुसरे यंत्र देणारे नवी मुंबईत वाशीला होते. त्यांचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला तेव्हा त्याने आधी आईचा मिनिटभराचा श्वास मोजला. बसून २४, चालल्यावर ३४. मग त्याने माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आणि चिठ्ठीत टप्पा लिहिलेला नाही हे पाहून, "डॉक्टरांशी बोलून घ्या, मी माझ्या मनाने सांगणार नाही," असे नम्रपणे सांगितले. हे ऐकताच, यंत्र याच्याकडूनच घ्यायचे, हे माझ्या मनात पक्के झाले. डॉक्टर मॅडमनी फोनवर सांगितले की बसून दोन आणि चालताना चार ठेवून पाहा, विमानात तीन ते चार लागेल, आणि कोणत्याही परिस्थितीत आकडा ९० च्या खाली राहू देऊ नका. १५ दिवसांचे भाडे १४ हजार रुपये आणि अनामत ३० हजार रुपये ठरली. मी लेखी पावती घेतली आणि तिच्यात यंत्राचा क्रमांक, चारही बॅटऱ्यांचे क्रमांक, मुख्य चार्जर, मोटारीतला चार्जर आणि दोन नव्या कॅन्युला (नाकात लावायच्या नळ्या) यांची नोंद करून घेतली.

या वेळी मी चाचणी बोळात घेतली नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी रिक्षाने तलावपाळीला गेलो. यंत्राचे वजन दोन किलोच्या थोडे वर असल्यामुळे ते माझ्या खांद्याला होते आणि नळी तिच्या नाकाला, म्हणून आम्हाला एकमेकींच्या पावलाला पाऊल लावून चालावे लागत होते. गडकरी रंगायतनापासून निघून मासुंदा तलावाच्या काठाने आम्ही हळूहळू पुढे गेलो. यंत्रावर एक छोटा हिरवा दिवा आहे, तो प्रत्येक श्वास ओळखला गेला की लुकलुकतो. मी आईच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या दिव्याकडे पाहत चालत होते. श्वास, लुकलुक, बारीक फुस्स असा आवाज. पुन्हा श्वास, पुन्हा लुकलुक. एकही श्वास सुटत नव्हता. चारच्या टप्प्यावर ती नऊ मिनिटे न थांबता चालली आणि आकडा ९१ होता. भेळवाल्याच्या गाडीपाशी ती थांबली तेही धाप लागली म्हणून नव्हे, तर भेळ हवी होती म्हणून. गेल्या दीड वर्षात ती तलावाच्या काठाने इतके चाललेली नव्हती. खाताना आणि बोलताना ती तोंडाने श्वास घेते आणि त्या वेळी दिवा विझलेला राहतो, हेही मला तिथेच लक्षात आले आणि पुढे विमानात ते उपयोगी पडले.

पुढचे दोन दिवस मी बॅटऱ्या मोजण्यात घालवले. चारही बॅटऱ्यांवर कागदाची पट्टी चिकटवून १ ते ४ क्रमांक घातले, प्रत्येक बॅटरी पूर्ण भरली, यंत्र तीनवर ठेवून आईला रोजची कामे करू दिली आणि संपण्याची वेळ लिहिली. तीन बॅटऱ्या ३ तास ते ३ तास १० मिनिटे चालल्या, चौथी २ तास २० मिनिटांतच संपली. वाशीला कळवल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी ती बदलून दिली. माहितीपत्रकात एका बॅटरीचा वेळ साडेसहा तासांपर्यंत लिहिलेला असतो आणि तो खोटा नाही, पण तो पहिल्या टप्प्यावरचा असतो. टप्पा वाढवला की वेळ झपाट्याने कमी होतो.

विमान कंपन्या सर्वसाधारणपणे उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या जवळ ठेवायला सांगतात. आमचे उड्डाण दोन तासांचे धरले तर तीन तास झाले, म्हणजे नियमापुरती एक बॅटरी आणि थोडी जास्तीची पुरली असती. परंतु आईला ऑक्सिजन फक्त उड्डाणात लागणार नव्हता. मी घराच्या दारापासून दादाच्या दारापर्यंतचा हिशेब मांडला. ठाण्याहून विमानतळ दीड तास, विमानतळावर अडीच तास, विमानात दोन तास, उतरून सामान मिळेपर्यंत पाऊण तास आणि देवनहळ्ळीच्या विमानतळावरून शहराच्या दक्षिणेला असलेल्या दादाच्या घरापर्यंत दोन तास. हे पावणेनऊ तास होतात. विमानाला उशीर झाला तर ते अकरा-बारावर जाणार. त्यामुळे मी चार बॅटऱ्यांवर ठाम राहिले आणि दोन्ही टोकांच्या मोटारींत चार्जर लावून बॅटरी वाचवायची असे ठरवले. विमानातल्या आसनाजवळ सॉकेट असले तरी त्यावर विसंबू नये, हे डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञाने दोघांनीही बजावले होते.

या सुट्या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या असतात आणि त्या चेक-इनच्या सामानात टाकता येत नाहीत. त्या जवळच्या सामानातच आणि टोके झाकलेल्या स्थितीत न्याव्या लागतात. बॅटरीवर वॉट-अवरचा, म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचा, आकडा छापलेला असतो. १०० पर्यंतच्या बॅटरीला अडचण नसते, १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची मंजुरी लागते. आमच्या बॅटऱ्या १०० च्या आतल्या होत्या. मी प्रत्येक बॅटरी वेगळ्या कापडी पिशवीत घातली. आईने त्या पिशव्या जुन्या इरकली साडीच्या तुकड्यांच्या शिवल्या होत्या.

विमान कंपनीचा अर्ज म्हणजे मेडिफ, हा प्रवाशाच्या वैद्यकीय माहितीचा अर्ज असतो आणि त्याचा बराचसा भाग डॉक्टरांनी भरायचा असतो. आजार, बसल्या जागचा ऑक्सिजन, विमानात लागणारे प्रमाण, यंत्राचे मॉडेल, प्रवासी स्वतः स्वच्छतागृहात जाऊ शकतो का, सोबत कोणी आहे का, असे प्रश्न त्यात होते. आमच्या कंपनीने तो प्रवासाच्या किमान ४८ तास आधी मागितला होता. मी आठ दिवस आधी पाठवला. त्यांनी यंत्राच्या पाठीवरील लेबलचे छायाचित्रही मागितले. विमानात वापरण्यास योग्य असल्याचे लाल अक्षरांतले वाक्य तिथे छापलेले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरीचा ईमेल आला. त्याच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या आणि पावतीच्या प्रत्येकी तीन प्रती काढून मी एक संच आईच्या पर्समध्ये, एक माझ्या आणि एक यंत्राच्या पिशवीत ठेवला. खिडकीजवळचे आसन घेतले, म्हणजे नळी कोणाच्या पायात येणार नाही. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत अशा प्रवाशाला बसता येत नाही, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवावे लागते.

निघण्याच्या आदल्या रात्री एक प्रसंग घडला. आईला लहानपणापासून झोपण्यापूर्वी नाकात तुपाचे दोन थेंब घालण्याची सवय आहे, आणि कॅन्युलामुळे नाक कोरडे पडते म्हणून ती ते अलीकडे आवर्जून करत होती. तंत्रज्ञ नव्या नळ्या द्यायला आला होता, त्याने देवघरातली तुपाची वाटी तिच्या हातात पाहिली आणि तो जवळजवळ ओरडलाच. "आजी, ऑक्सिजनजवळ तूप, तेल, व्हॅसलिन काही नको!" तेलकट पदार्थ ऑक्सिजनच्या सान्निध्यात सहज पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यावर आधारलेले सलाइन जेल वापरायचे असते. आम्ही दीड वर्ष घरी ऑक्सिजन वापरत होतो आणि ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. आईने वाटी देवापुढे परत ठेवली आणि ती बराच वेळ गप्प बसून होती.

सकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर कांजूरमार्गजवळ वाहतूक अडली आणि दीड तासाचा प्रवास पावणेदोन तासांचा झाला, पण मोटारीच्या चार्जरमुळे बॅटरी पूर्ण भरलेलीच राहिली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय आधीच सांगितलेली होती. सुरक्षा तपासणीत यंत्र क्ष-किरण पट्ट्यावर ठेवावे लागेल असे औद्योगिक सुरक्षा दलाच्या महिला अधिकाऱ्यांनी सांगितले. मी त्यांना कागद दाखवले आणि आईला आधी पूर्ण तपासून घेऊन यंत्र शेवटी पट्ट्यावर ठेवता येईल का, असे विचारले. त्यांनी तसेच केले. यंत्र तिच्या नाकापासून तीन मिनिटेसुद्धा दूर नव्हते. मावशी, श्वास हळू घ्या, घाई नाही, असे त्या तिला म्हणत होत्या. त्या अधिकाऱ्यांचे नाव मी विचारले नाही याची मला आजही खंत वाटते.

विमानात चढण्याच्या दहा मिनिटे आधी, गेटजवळच, मी बॅटरी बदलली. बॅटरी काढली की यंत्र बंद पडते आणि नवी बसवून ते पुन्हा सुरू करावे लागते. घरी सराव करून मी हे काम वीस सेकंदांत आणले होते. त्यामुळे विमानात पूर्ण भरलेली बॅटरी होती आणि अरुंद जागेत, पायांखाली वाकून ते करण्याची वेळ आली नाही. यंत्र मी आईच्या पायांशी, समोरच्या आसनाखाली ठेवले, त्याच्या हवा घेण्याच्या जाळ्या उघड्या राहतील अशा बेताने. वर शाल पडू नये म्हणून शाल मी माझ्याकडे घेतली.

उड्डाणापूर्वी तीनवर तिचा आकडा ९५ होता. विमान वर गेल्यावर पहिल्या पंचवीस मिनिटांत तो ९१ वर आला, मग ८९, आणि एकदा ८८ दिसला. मी यंत्र चारवर नेले. चार-पाच मिनिटांनी ९१, नंतर ९२. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले अंक हवेत जसेच्या तसे खरे होताना मी पाहत होते आणि पहिल्या यंत्रावर तिला आणले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नव्हता. नाश्ता झाल्यावर तिला डुलकी लागली. तोंड उघडे पडले, हिरवा दिवा विझला आणि मिनिटभरात यंत्राने बारीक इशारा द्यायला सुरुवात केली. पलीकडच्या रांगेतील गृहस्थ दचकून पाहू लागले. मला कारण ठाऊक होते, कारण तलावपाळीवर भेळ खाताना तोच दिवा तसाच विझला होता. मी तिच्या हनुवटीला हळूच हात लावला, "आई, तोंड मिट," म्हटले, तिने झोपेतच ओठ मिटले आणि दिवा पुन्हा लुकलुकू लागला. उरलेला प्रवास मी तिला बोलती न ठेवता जागी ठेवण्यात काढला. ती खिडकीतून ढग पाहत होती आणि मी दिवा.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे बसल्या जागीही तिचा आकडा ठाण्यापेक्षा एक-दोन अंकांनी कमीच राहिला. पण मोठी काळजी रात्रीची होती. झोपेत तोंड उघडे राहते आणि पल्स यंत्र श्वास गाळते, म्हणून डॉक्टरांनी रात्रीसाठी सतत प्रवाहाचे मोठे यंत्रच हवे असे सांगितले होते. दादाने तिथे पाच लिटरचा घरगुती कॉन्सन्ट्रेटर वेगळा भाड्याने आणून आम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवशी चालवून पाहिला होता आणि वीज गेली तर तो चालेल असा इन्व्हर्टरही तपासला होता. विमानाचे यंत्र मिळाले म्हणजे सगळे झाले असे समजून निघालो असतो, तर पहिल्याच रात्री आम्ही अडकलो असतो.

मुंजीच्या दिवशी खरा प्रश्न अग्नीचा होता. मुंजीत होम असतो, औक्षण असते, निरांजने असतात, उदबत्त्या असतात, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या माणसाने उघड्या ज्योतीपासून किमान दहा फूट दूर राहायचे असते. दादाने गुरुजींना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. त्यांनी मंडपात होमकुंडापासून दूर, वाऱ्याच्या बाजूला, खांबाजवळ आईची खुर्ची मांडायला लावली आणि उदबत्त्या फक्त देवघराच्या खोलीत लावायला सांगितल्या. औक्षणाच्या वेळी आई हळहळली. नळी काढून दोन मिनिटे जाते, म्हणाली. मी नाही म्हटले, कारण यंत्र बंद केल्यावरही कपड्यांत आणि केसांत काही वेळ ऑक्सिजन राहतो. वहिनीने निरांजनाशिवायचे तबक तिच्या हातात दिले. त्यात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी होती. तिने खुर्चीत बसूनच नातवाला कुंकू लावले, त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि सुपारी-अंगठीने ओवाळले. भिक्षावळीला बटू तिच्यासमोर येऊन "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणाला, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने वळून आणलेला बेसनाचा लाडू त्याच्या झोळीत घातला. त्या लाडवांसाठी ठाण्यात तिने दोन दिवस, यंत्र दोनवर ठेवून आणि शेगडीपासून लांब टेबलाशी बसून, बेसन वळले होते. भाजायचे काम तिने मला करायला लावले होते.

परतीच्या प्रवासासाठी मेडिफ आम्ही दोन्ही बाजूंचा एकदमच पाठवलेला होता, तरी मी निघण्याच्या तीन दिवस आधी विमान कंपनीला फोन करून मंजुरी परतीच्या तिकिटावर नोंदलेली असल्याची खात्री केली. ती नोंदलेली नव्हती. फोनवरच्या मुलीने ईमेल पाहून ती लगेच नोंदवली. येताना विमान सव्वा तास उशिरा निघाले, तिसरी बॅटरी विमानतळावरच लागली आणि ठाण्यात घराच्या पायऱ्या चढताना चौथीवर अर्ध्याहून थोडे अधिक शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी वाशीहून तोच तंत्रज्ञ यंत्र न्यायला आला. मी हवा घेण्याच्या जाळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून बसवल्या होत्या. त्याने पावतीवरचे क्रमांक एकेक करून जुळवले आणि बॅटऱ्यांवरच्या कागदाच्या पट्ट्या काढायला हात घातला. आई म्हणाली, "राहू देत त्या. पुढच्या माणसाला कोणती किती चालते ते कळेल." त्याने मग माझ्याकडून प्रत्येक पट्टीवर मिनिटे लिहून घेतली. अनामत तिसऱ्या दिवशी खात्यावर जमा झाली.